३९ मीटरचा आरसा आकारात ठेवायचा कसा?

काच वाकते. रोजच्या व्यवहारात ते कधी जाणवत नाही, कारण ती वाकते ती फार बारीक मापात. पण दुर्बीण बांधणाऱ्यांना हे एक क्षणही विसरता येत नाही. कित्येक टन वजनाचा जाडजूड आरसा आकाशाकडे सरळ वर तोंड करून ठेवा, मग हळूहळू क्षितिजाकडे कलवा. त्याच्या स्वतःच्याच भाराने त्याचा पृष्ठभाग कणभर बदलतो, आणि तेवढ्याने ताऱ्याची प्रतिमा बिघडते.

चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, सेरो आर्माझोनेस नावाच्या डोंगरावर सध्या ३९ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहते आहे. युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी ही संस्था ती बांधते आहे आणि तिचं नाव एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप, म्हणजे ईएलटी. बातम्यांमध्ये तिच्या आकारमानाचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्या आकाराचं जास्त अप्रूप वाटतं. एवढा मोठा आरसा बनवणं अवघड आहेच. पण वारा, थंडी, गुरुत्वाकर्षण आणि वरची हवा असं सगळं तो बिघडवायला टपलेलं असताना रात्रभर, सेकंदासेकंदाला त्याचा आकार राखणं त्याहून अवघड आहे. म्हणून हा लेख त्या राखणीबद्दल.

आधी, मोठा आरसा हवाच कशाला? पहिलं कारण प्रकाश. दुर्बिणीचं पहिलं काम प्रकाश गोळा करणं हे असतं, मोठं करून दाखवणं नंतर. अंधाराला सरावलेल्या आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ईएलटीचा आरसा जवळपास ९८० चौरस मीटर क्षेत्रावरचा प्रकाश एकवटणार आहे, म्हणजे डोळ्याच्या सुमारे अडीच कोटी पट. दुसरं कारण बारकावा. प्रकाश ही लाट आहे, आणि लाट अरुंद दारातून गेली की पलीकडे पसरते. दार रुंद असेल तर कमी पसरते. दुर्बिणीचा आरसा म्हणजे प्रकाशाचं दार. तो जितका रुंद, तितका ताऱ्याचा ठिपका बारीक, आणि एकमेकांना चिकटलेले दोन ठिपके वेगळे दिसण्याची शक्यता तितकी जास्त. अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात ३९ मीटरच्या आरशाची तत्त्वतः जी मर्यादा येते, ती म्हणजे ४० किलोमीटरवरून एकमेकांपासून १ मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखणं.

हे साधायचं तर आरशाच्या प्रत्येक भागावरून परतलेली लाट नाभीपाशी, म्हणजे सगळा प्रकाश एकवटतो त्या बिंदूपाशी, पावलाला पाऊल जुळवून पोचली पाहिजे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ५०० नॅनोमीटर असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पृष्ठभागातली चूक तरंगलांबीच्या छोट्या अंशात, म्हणजे काही दशक नॅनोमीटरमध्ये बसवावी लागते. समजा, हा आरसा ताणून ३९०० किलोमीटर रुंद केला. तर त्या सबंध विस्तारात ५ मिलिमीटरहून उंच उंचवटा चालणार नाही. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा शून्यं चुकली असतील म्हणून पुन्हा केला होता. चुकली नव्हती.

एकाच अखंड काचेतून आरसा बनवायची वाट फार लांब जात नाही. कॅलिफोर्नियातल्या पालोमार पर्वतावरची ५ मीटरची हेल दुर्बीण १९४८ साली सुरू झाली. तिची काच १९३४ मध्ये ओतली होती. मधली वर्षं काच हळूहळू थंड करण्यात, घासण्यात आणि महायुद्धात गेली. १९७५ मध्ये सोव्हिएत संघाने कॉकेशस पर्वतात ६ मीटरची दुर्बीण उभी केली. तिचा आरसा ४२ टनांचा. एवढी काच संध्याकाळनंतर हवेबरोबर थंड व्हायला तयारच नसे, आणि ती हवेपेक्षा उबदार राहिली की आरशाच्या तोंडावरच हवा उकळल्यासारखी हलत राही. त्यात साधं गणित आड येतं. प्रमाण तेच ठेवून आरसा दुप्पट रुंद केला, की वजन आठपट होतं. हेलच्या आरशाच्या प्रमाणात ३९ मीटरचा आरसा ओतायचा म्हटलं, तर पाच-सहा हजार टन काच लागेल. ती ओतणार कुठे, नेणार कशी, आणि कलवल्यावर तिचा आकार धरणार कोण?

यातून वाट काढली ती जेरी नेल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने. १९७०च्या दशकात त्यांनी सुचवलं की अखंड आरशाचा हट्ट सोडू या. छोटे षटकोनी तुकडे मधाच्या पोळ्यासारखे शेजारी शेजारी मांडू आणि ते एकच आरसा असल्यासारखे वागतील अशी व्यवस्था करू. तेव्हा बऱ्याच जाणत्यांना हे जमणार नाही असंच वाटलं होतं, कारण खरी मेख त्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यात आहे. हवाईतल्या मौना केआवर ३६ तुकड्यांची १० मीटरची केक दुर्बीण १९९३ मध्ये कामाला लागली आणि शंका मिटली. आजच्या सगळ्या तुकडाजोड दुर्बिणी तिच्याच वारसदार आहेत, अंतराळातली जेम्स वेब धरून.

नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवलेला एक पेच मला फार आवडतो. मोठ्या वाडग्याचा एक तुकडा कापून घेतला, तर त्याचा बाक सगळ्या दिशांना सारखा नसतो. केंद्राच्या दिशेने वेगळा, आडवा वेगळा. आणि घासायच्या यंत्राला सहज जमतो तो फक्त चेंडूसारखा, सगळीकडे सारखा बाक. मग त्यांनी काय केलं? गोल काचेच्या कडेला चहूबाजूंनी तरफा लावल्या, त्यांच्यावर मोजून भार दिला आणि काच ठरवून वाकवली. वाकलेल्या अवस्थेत तिच्यावर साधा, चेंडूसारखा बाक घासला. मग भार काढून घेतला. काच मूळ स्थितीत उसळून आली, आणि पृष्ठभागावर आपसूक हवा तो वेडावाकडा बाक तयार! जी काच वाकते म्हणून आतापर्यंत अडचण होती, तिच्या त्याच गुणाला त्यांनी हत्यार केलं.

अखंड काचेची वाट मात्र साफ बंद झाली नाही. चिलीच्याच लास कंपानास इथे होणाऱ्या जायंट मॅगेलन दुर्बिणीसाठी ८.४ मीटरचे सात प्रचंड गोल आरसे, मध्ये एक आणि भोवती सहा अशा फुलासारख्या रचनेत बसवले जाणार आहेत. ते अमेरिकेत अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या कार्यशाळेत ओतले जातात, आणि ओतताना अख्खी भट्टी मिनिटाला साधारण पाच फेरे या वेगाने फिरत असते. फिरत्या भांड्यातलं पाणी कडेला चढतं आणि मध्ये खोलगट होतं, तसंच वितळलेल्या काचेचं होतं. त्यामुळे जवळपास हवा तो बाक फुकटात मिळतो आणि कित्येक टन काच कोरून काढावी लागत नाही. पाठीमागून आरसा पोळ्यासारखा पोकळ असतो, म्हणून हलका, आणि रात्री हवेबरोबर लवकर थंड होणारा. नंतर तीनेक महिने तो भट्टीतच सावकाश निवत ठेवतात. घाई केली तर काचेत ताण राहतो.

आता ईएलटीच्या एका तुकड्याकडे जवळून पाहू. एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत जेमतेम दीड मीटर, जाडी ५ सेंटिमीटर. तो झेरोडुर नावाच्या पदार्थाचा असतो, काच आणि सिरॅमिक यांच्या मधलं काहीतरी. तापमान बदललं तरी तो जवळजवळ फुगत किंवा आकसत नाही, हा त्याचा गुण. जर्मनीतल्या माइन्झमध्ये तो ओतला जातो, फ्रान्समध्ये त्याला बाक आणि चकाकी मिळते. शेवटचा हात तर कुठल्या घासणीचा नसतोच. आयनांचा, म्हणजे विद्युतभारित अणूंचा, झोत पृष्ठभागावर फिरवून नको असलेले उंचवटे अणूंच्या थरांच्या हिशेबाने उडवले जातात. तुकडा पाठीमागून २७ बिंदूंवर तोललेला असतो. कुठल्याही एका ठिकाणी भार जास्त पडला तर काच तिथे टेंगूळ दाखवेल, म्हणून तो असा वाटून द्यायचा.

असे ७९८ तुकडे मिळून एक आरसा. सगळ्यांची काच एकत्र केली तरी दीडशे टन भरत नाही. मघाचे पाच-सहा हजार टन आठवा. आरशाचे सहा सारखे भाग पडतात, त्यामुळे प्रत्येक आकाराचे तुकडे सहा लागतात, आणि वेगवेगळे आकार होतात १३३. म्हणून प्रत्येक आकाराचा एक जादा तुकडाही बनवला जातो, एकूण ९३१. हे जादा तुकडे फुटतुटीसाठी राखून ठेवलेले नाहीत. आरशावरचा चांदीचा मुलामा साधारण दीड वर्षात मंदावतो आणि तो धुऊन नवा चढवावा लागतो. ७९८ तुकड्यांना दीड वर्षाने भागलं, तर दिवसाला एक-दोन तुकडे उतरवून त्या जागी नवा मुलामा दिलेले बसवत राहणं आलं. हे काम दुर्बीण चालू असेपर्यंत थांबणार नाही. ३९ मीटरचा आरसा एकदाचा पूर्ण झाला असा दिवस कधी उगवतच नाही.

तुकडे शेजाऱ्यांपासून अवघे ४ मिलिमीटर अंतर राखून बसतात. प्रत्येकाखाली तीन हालचाल-यंत्रं असतात. ती तुकड्याला नॅनोमीटरच्या हिशेबात वर-खाली करतात आणि कलवतात. कडांवर संवेदक बसवलेले असतात आणि शेजारच्या तुकड्याच्या तुलनेत आपली कड किती वर किंवा खाली आहे, हे ते सतत सांगत राहतात. दुर्बीण कलली, गार वारा आला, की ही हजारो मापं संगणकाकडे जातात आणि लगेच दुरुस्ती होते. यातही एक गोम आहे. कडा जुळल्या आहेत एवढंच संवेदकांना कळतं. सगळा वाडगाच किंचित जास्त खोलगट झाला, तर प्रत्येक कड शेजाऱ्याशी जवळपास जुळलेलीच राहते आणि संवेदकांना फारसा पत्ता लागत नाही. ती चूक पकडायला खऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाकडेच पाहावं लागतं.

इतकं केल्यावरही दुर्बीण आंधळीच राहिली असती, कारण वर हवा आहे. छोट्या दुर्बिणीतून तारा खूप मोठा करून पाहिला असेल, तर तो पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरताना दिसला असेल. गरम-गार हवेचे गोळे वरून वाहत असतात आणि प्रत्येकातून प्रकाश जरा वेगळा वाकतो. उत्तम डोंगरावरच्या उत्तम रात्रीसुद्धा या थरथरीमुळे ३९ मीटरच्या दुर्बिणीला दिसणारा बारकावा वीतभर आरशाच्या दुर्बिणीइतकाच उरतो. प्रकाश भरपूर, पण धूसर.

यावरचा उपाय होरेस बॅबकॉक या खगोलशास्त्रज्ञाने १९५३ मध्येच कागदावर मांडला होता: हवेने लाट कशी चुरगळली ते मोजा, आणि वाटेतल्या एका आरशाला नेमकी उलटी चुरगळ द्या, म्हणजे लाट पुन्हा सपाट होईल. ते प्रत्यक्षात यायला संगणक वेगवान व्हावे लागले. याला अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात. ईएलटीमध्ये प्रकाश एकूण पाच आरशांवरून जातो, आणि हे काम चौथ्याकडे आहे. तो जवळपास अडीच मीटर रुंद, पण २ मिलिमीटरहूनही पातळ. सहा पाकळ्यांचा हा आरसा चुंबकांच्या जोरावर, केसाच्या जाडीएवढ्या फटीवर जवळजवळ तरंगत असतो. पाच हजारांहून जास्त बिंदूंवर त्याला ढकलता-ओढता येतं, आणि तेही सेकंदाला हजार वेळा. इथे आकार राखायचा म्हणजे तो क्षणोक्षणी बदलत ठेवायचा. पाचवा आरसा वाऱ्याने बसणारे हादरे पुसतो.

हवेची चुरगळ मोजायला मात्र एक तेजस्वी तारा हवा, आणि तोही आपल्याला पाहायचं आहे त्याच्या अगदी शेजारी. तसा तारा क्वचितच मिळतो. मग तो बनवायचा! पृथ्वीपासून सुमारे ९० किलोमीटर उंचीवर सोडियमच्या अणूंचा विरळ थर आहे. जळून गेलेल्या उल्कांनी मागे ठेवलेला. त्याच्यावर पिवळ्या-नारिंगी लेझरचा झोत सोडला की ते अणू चमकतात आणि आकाशात हवा तिथे कृत्रिम तारा उभा राहतो. त्यातही एक उणीव राहते. लेझरचा प्रकाश वर जाताना आणि खाली येताना त्याच हवेतून जातो, त्यामुळे सबंध प्रतिमा डावी-उजवीकडे सरकली तर ते त्याच्यावरून कळत नाही. तेवढ्यापुरता एखादा मंद का होईना, खरा तारा शोधावाच लागतो.

हवा दुरुस्त करता येते म्हणून कुठेही दुर्बीण बांधून चालत नाही. अटाकामा निवडलं ते तिथल्या कोरडेपणासाठी, वर्षातल्या तीनशेहून अधिक निरभ्र रात्रींसाठी आणि समुद्राकडून येणाऱ्या एकसंध वाऱ्यासाठी. थंड सागरी प्रवाहामुळे ढगांचा थर खालीच अडकतो आणि शिखरं त्याच्यावर डोकं काढून असतात. आर्माझोनेसचा माथा जून २०१४ मध्ये सुरुंगाने उडवून सपाट करायला सुरुवात झाली; आज दुर्बीण ३०४६ मीटर उंचीवर आहे. भोवतीचा घुमट ८० मीटर उंच असून त्याचा फिरता भागच सहा हजार टनांहून जड आहे. दिवसभर घुमट आतून थंड ठेवतात, म्हणजे संध्याकाळी दार उघडल्यावर आतबाहेरचं तापमान सारखं असेल. आणि चिलीत भूकंप होतात, म्हणून सगळा डोलारा धक्के गिळणाऱ्या आधारांवर उभा केला आहे.

डोंगर निवडताना हवेइतकीच माणसंही मोजायला हवीत, हे ईएलटी आणि जायंट मॅगेलनच्या जोडीने आखलेल्या तिसऱ्या महाकाय दुर्बिणीच्या वाट्याला आलेल्या अनुभवाने दाखवलं. थर्टी मीटर टेलिस्कोप, म्हणजे टीएमटी, ४९२ तुकड्यांची. अमेरिकी विद्यापीठांबरोबर जपान, कॅनडा आणि भारत तिचे भागीदार आहेत. हालचाल-यंत्रं, कडांवरचे संवेदक आणि काही तुकडे घासण्याचं काम भारताकडे आहे. तिच्यासाठी मौना केआ निवडला गेला. हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी तो पवित्र डोंगर आहे, आणि तिथे आधीच डझनभर दुर्बिणी आहेत. २०१४ मधला भूमिपूजनाचा समारंभ आंदोलकांनी रोखला, २०१५ अखेरीस हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाना रद्द केला, २०१८ मध्ये नवा परवाना मान्य झाला, आणि २०१९ च्या जुलैमध्ये रस्त्यावर बसलेल्या वृद्धांना अटक झाली. त्या डोंगरावर बांधकाम पुढे गेलेलं नाही. मला दुर्बिणी जिवापाड आवडतात, तरीही मला वाटतं की त्या वृद्धांचं म्हणणं आराखडा कागदावर असतानाच ऐकायला हवं होतं. न्यायालयातून मिळालेल्या परवान्याने ते ऐकल्यासारखं होत नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुर्बीण अंतराळातच का पाठवत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. जेम्स वेबचा आरसा ६.५ मीटरचा आहे, आणि तोही रॉकेटच्या टोपीत मावावा म्हणून घडी घालून न्यावा लागला. तिचा खर्च सुमारे १० अब्ज डॉलर झाला. ईएलटीचा अंदाज दीड अब्ज युरोच्या आसपास आहे. शिवाय जमिनीवरच्या दुर्बिणीला दहा वर्षांनी नवं उपकरण जोडता येतं, मुलामा बदलता येतो, बिघडलेला भाग काढता येतो. जे अवरक्त किरण हवा अडवते, त्यांच्यासाठी वेब लागतेच. दोघींची कामं वेगळी आहेत.

आणि हे सगळं कशासाठी? मला सर्वांत जास्त ओढ आहे ती प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या ग्रहाची. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, ४.२ प्रकाशवर्षांवर, त्याच्याभोवतीचा हा ग्रह २०१६ मध्ये सापडला, पण ग्रहाच्या ओढीने होणाऱ्या ताऱ्याच्या डगमगीवरून. त्याचा स्वतःचा प्रकाश अजून कुणी वेगळा पाहिलेला नाही, कारण तो ताऱ्याच्या साधारण कोटीव्या हिश्शाइतकाच तेजस्वी असणार आणि ताऱ्याला अगदी लगटून. ३९ मीटरचा नीट राखलेला आरसा या दोघांना वेगळं करू शकेल. मग त्या मिणमिणत्या ठिपक्याचा वर्णपट काढून त्यात ऑक्सिजनची खूण शोधता येईल. दुसरं काम याहून संयमाचं. अ‍ॅलन सँडेज यांनी १९६२ मध्ये दाखवलं होतं की विश्वाचं प्रसरण बदलताना प्रत्यक्ष पाहता येईल, फक्त दूरच्या वस्तूंचा वेग वर्षानुवर्षं मोजत राहावा लागेल. दहा वर्षांत फरक पडतो सेकंदाला काही सेंटिमीटर. गोगलगाय चालते तेवढ्या मापातला बदल, अब्जावधी प्रकाशवर्षांवरून टिपायचा.

ईएलटीने २०३०च्या आसपास आकाश पाहायला लागावं अशी योजना आहे. तुकडाजोड आरशाची पहिली रात्र कशी असते, याची झलक जेम्स वेबने फेब्रुवारी २०२२ मध्ये दाखवली. दुर्बीण एकाच ताऱ्याकडे वळवली होती, आणि चित्रात दिसले अठरा तारे, विखुरलेले, फुगीर, कुठला कुणाचा ते न कळणारे. प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेला पाहत होता. मग एकेक तुकडा किंचित हलवायचा, कुठला ठिपका सरकला ते पाहायचं आणि त्याच्यापुढे त्या तुकड्याचा क्रमांक लिहायचा. हळूहळू सगळे ठिपके मध्यभागी आणून एकावर एक ठेवायचे. आर्माझोनेसवर हेच काम ७९८ तुकड्यांसाठी करायचं आहे.